बाहेर टाकलेली उष्णता

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो आणि त्यासाठी जळलेल्या विजेचीही शेवटी उष्णताच होऊन बाहेर पडते. थंड देशांत हेच यंत्र उलटं चालवून बाहेरच्या हवेतली ऊब घरात घेतात. तिथे अंगणात गारवा जरा वाढला तर कोणाचं काही बिघडत नाही. रायगड जिल्ह्यातल्या नागावात मात्र मे महिन्यात, सुपारीच्या वाडीतल्या दोन कॉटेजांमधल्या बोळात आउटडोअर युनिट बसवलं की गरम झोत शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरतो. म्हणून स्प्लिट एसी कसा वापरावा हा प्रश्न मला आधी अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा वाटतो, मग विजेच्या बिलाचा. आपल्या सुखाचा भार दुसऱ्याला न विचारता त्याच्यावर लादणं हीसुद्धा चोरीच. गांधींच्या आश्रमव्रतांत अस्तेयाचा अर्थ इतका विस्तृत आहे की गरजेपेक्षा जास्त घेणंही त्यात मोडतं, आणि ती व्रतं आयुष्यभर पाळणारे विनोबा १८९५ साली याच जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मले.

कोणी म्हणेल, समुद्राचा वारा आहे, उष्णता कुठल्या कुठे उडून जाते. मोकळ्या जागी जातेही. बोळात ती कोंडते आणि युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. शिवाय महाराष्ट्राची बरीच वीज अजून कोळशावर होते. तिची राख आणि धूर चंद्रपूरच्या वीजकेंद्राभोवती राहणाऱ्यांच्या वाट्याला येतात. बिल भरल्याने त्यांचं देणं फिटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना पंखा पुरत नाही. आणि ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्यावर कॉटेज भाड्याने घेणाऱ्या पाहुण्यांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा आधार अधिकच मोलाचा झाला. हे मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच मी एसी काढून टाका म्हणत नाही. व्रत मापात आहे.

ते माप अगदी हाताशी आहे. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीचं मूळ तापमान २४ अंश ठेवलं आहे, आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने वाढवलेल्या दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ वर लावून दुलई पांघरणं हा गरजेबाहेरचा घास. खाऱ्या हवेने युनिटच्या पातळ पत्र्यांवर मीठ बसतं, पत्रे गंजतात, तेवढ्याच गारव्याला जास्त वीज लागते. ते गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवावेत, आतली जाळी वरचेवर साफ करावी, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, कारण फटीतून आत येणारी दमट हवा यंत्राला फुकट राबवते. जोडण्या तपासून घ्याव्यात: नव्या एसींतला आर-३२ वायू गळला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमान वाढवतो. आणि युनिटची जागा शेजाऱ्याशी बोलून ठरवावी. बोळातून काढून मोकळ्या बाजूला नेलं तर तांब्याची नळी लांबते, खर्च वाढतो. तो खर्च खोलीच्या भाड्यात धरावा. गारवा पाहुणा घेतो, पैसेही त्यानेच द्यावेत.