समाधान कोठे मानावे?

अल्पावर संतुष्ट राहावे, असे आपण सर्वच एकमेकांना सांगत असतो. पण समाधान कोठे संपते आणि आळस कोठे सुरू होतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. मला हा प्रश्न एका स्वस्त मेंडोलिनने घातला, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

‘संगदिल’ (1952) या चित्रपटाचे संगीतकार सज्जाद हुसेन मेंडोलिनवर राग वाजवीत. ते ऐकून तरुणपणी मला या वाद्याचा ध्यास लागला. तेव्हा पैसा नव्हता. पुढे पैसा आला, तर सवड नव्हती. अखेर साठी उलटल्यावर साडेतीन हजार रुपयांत एक मेंडोलिन घेतले. मुलगा म्हणाला, “बाबा, इतकी वर्षं थांबलात, मग जरा भारीतलं का नाही घेतलंत?” मी म्हटले, “अरे, माझ्या बोटांना एवढं पुष्कळ आहे.” आणि खरे सांगायचे तर, आपण किती निरिच्छ, असे मनातल्या मनात वाटूनही गेले!

पण वाद्य काही साथ देईना. तारा उंच, दाबता दाबता बोटे सोलून निघत. तार बाराव्या पडद्यावर दाबली की मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात निघावयास हवा. तो चढा निघे. मी म्हणे, “स्वस्तातलं आहे, असंच असायचं.” दोन महिने असेच समाधान मानले.

एके दिवशी एका वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ते दाखविले. त्याने तारा सैल केल्या. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. ती त्याने काढून घासली, खाली आणली, जवभर मागे सरकविली. मग म्हणाला, “काका, वरची फळी थरांच्या लाकडाची आहे, आवाज थोडा कोंडणारच. त्याला इलाज नाही. पण सुराची खोट फळीत नव्हती. तुम्ही वाद्य लावूनच घेतलं नव्हतं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. धाकट्या भावाशी चार वर्षे माझे बोलणे नव्हते. वाटणीवरून चार शब्द झाले, आणि तेथेही मी हेच म्हणत आलो, “नशिबात आहे तेवढं गोड मानावं.” मेंडोलिनच्या आठ तारा चार जोड्यांनी बसविलेल्या असतात, जोडीतल्या दोन्ही एकाच स्वराला लावाव्या लागतात. त्यांत केसभर फरक राहिला तरी कानाला टोचतो. माझी जोडी उतरलेली होती, आणि मी तिला समाधान म्हणत होतो!

सकाळी मीच फोन केला. तो लगेच विरघळला असे नाही. “बघू, येईन,” एवढेच म्हणाला. पण बोलला.

तात्पर्य इतकेच, की फळी बदलणे आपल्या हाती नाही. वय, ऐपत, गेलेली वर्षे ही आपली फळी. तिच्याबद्दल कुरकुर करू नये. घोडी मात्र सरकविता येते, तार लावता येते. तेथे ‘चालेल’ म्हणणे ही टाळाटाळ होय. जे मिळाले त्यावर समाधान मानावे; आपण जे केले त्यावर मात्र इतक्यात मानू नये.

असो. मेंडोलिन तेच आहे, आवाज अजून थोडा कोंडतोच. रोज संध्याकाळी अर्धा तास वाजवितो; आधी पाच मिनिटे मात्र नुसत्या तारा लावतो.