दया की देणे?

वाशिमच्या पाटणी चौकात भर बाजाराच्या वेळी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे क्षणभर निरखून पाहावे. तो कडेला थबकतो, दोन्ही बाजूंना पाहतो, मग तळहात पुढे करून बिचकत पाऊल टाकतो. एखाद्या मोटारसायकलस्वाराने वेग कमी केलाच, तर मान लववून त्याचे आभारही मानतो. वाहतूक पोलीस हात पुढे करतो तो हुकमाचा. पादचाऱ्याचा हात मात्र याचनेचा झाला आहे. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. थांबणारा चालक त्याच्यावर दया करतो, की त्याचे देणे चुकते करतो?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतील माणसांची कचेरीची कामे वाशिमला आली. एस.टी.तून उतरलेला खेडूत पुढे बहुधा पायीच निघतो. याच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पायी चालण्यास मुळी बंदीच आहे. गावातल्या रस्त्यावर मात्र चालणारा आणि धावणारे वाहन यांना एकाच जागेत नांदावे लागते.

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार, सिग्नल नसलेल्या पादचारी पट्ट्यांपाशी चालकाने वेग कमी करून थांबावे व पादचाऱ्याला वाट द्यावी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात, म्हणजे जीविताच्या हक्कात, येतो असे सांगितले. तरीही २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते.

चालकालाही आपली निकड असते, हे मान्य. दिवसभरात चार फेऱ्या जास्त झाल्या तरच ज्याच्या घरची चूल नीट पेटते, त्या रिक्षावाल्याला घाईबद्दल दोष देणे सोपे आहे. पण तराजूच्या पारड्यांत काय पडते? एकीकडे दहा-पंधरा सेकंद, दुसरीकडे एक जीव. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर लागणारे अंतर चौपट होते. निसर्गनियम कोणाची निकड विचारात घेत नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने वेगाच्या हव्यासापायी इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला, आणि त्याचा विचार ‘खून करू नको’ या आज्ञेखाली केला. पापनिवेदनाच्या वेळी आपल्यापैकी कितीजणांना हे आठवते, कोण जाणे!

दया मनाच्या लहरीवर अवलंबून असते. देणे तसे नसते. म्हणूनच ते एकट्या चालकाचे नाही, रस्ता आखणाऱ्याचेही आहे. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे सर्वसाधारणपणे धरतात. बारा मीटरचा रस्ता त्याने दहा सेकंदांत ओलांडावा. गुडघे धरलेली आजी सेकंदाला ०.८ मीटरच चालली, तर तिला पंधरा सेकंद लागतात. उरलेल्या पाच सेकंदांत ती रस्त्याच्या मधोमध असते, आणि समोरचा दिवा हिरवा झालेला असतो. तिच्यासाठी दुभाजकात थांबण्याची जागा ठेवता येते, पट्टे पदपथाच्या उंचीला आणून वाहनांचा वेग आपोआप कमी करता येतो. नगरपरिषदेकडे हे मागताना अर्जात ‘कृपया’ हा शब्द घालावा की नाही, एवढेच अर्जदाराने ठरवायचे आहे.