ढगाचा फोटो

२७ मे २०२०. फ्लोरिडातल्या टायटसव्हिलला इंडियन नदीच्या काठावर लोक दुपारपासून ट्रायपॉड लावून बसले होते. पलीकडे ३९-ए तळावर फाल्कन ९ अग्निबाण उभा होता आणि वरच्या ड्रॅगन यानात डग हर्ली व बॉब बेनकेन पट्टे आवळून बसले होते. अमेरिकेच्या भूमीवरून माणूस कक्षेत जाणार होता, तो २०११ नंतर प्रथमच.

गर्दीत एक वृद्ध छायाचित्रकार आणि त्यांचा नातू होता. नातवाने कॅमेरा तळावर रोखलेला. आजोबांचा मात्र आभाळाकडे. काळा ढग चढत चढत वर ऐरणीसारखा पसरला होता, खाली पावसाचा करडा पडदा तिरका उतरत होता. ढगाची उजळलेली कड जळू नये म्हणून आजोबांनी एक्स्पोजर दोन स्टॉप खाली आणलं आणि कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली.

"आजोबा, ढगांचे फोटो कोण बघणार?"

"अरे, यान उडणार की नाही, ते आज हाच ठरवणार. मग त्याचा फोटो नको?"

उड्डाणाला सतरा मिनिटंही उरली नव्हती, तेवढ्यात ते रद्द झालं. खुद्द राष्ट्राध्यक्ष बघायला आलेले, टाक्यांत इंधन भरणं चालू. अशा वेळी 'नाही' म्हणायला फार मोठी छाती लागते.

नातू चिडला. "आत्ता कुठं वीज चमकतेय? दहा मिनिटं थांबले असते, तर आभाळ मोकळं झालं असतं!"

"अंतराळस्थानक गाठायचं तर ठरल्या क्षणीच निघावं लागतं, बाळा. आणि वीज चमकायलाच हवी असं नाही. ढगात विद्युतभार साठला असेल, तर अग्निबाणच ती ओढून घेतो. त्याच्या मागचा धगधगता झोत तिला वाट करून देतो. १९६९ मध्ये अपोलो १२ वर अशी दोनदा वीज पडली, नशिबाने निभावलं. १९८७ च्या मार्चमध्ये इथूनच अ‍ॅटलस-सेंटॉर ढगात सोडला. विजेने संगणकाची स्मृती बिघडवली, अग्निबाण भलतीकडे वळला आणि मिनिटभरात संपला. त्यात माणसं नव्हती. यात दोघं आहेत."

नातू काही बोलला नाही. त्याने कॅमेरा तळावरून काढून ढगाकडे वळवला, आणि एक्स्पोजर किती ठेवायचं ते विचारलं.

३० मे रोजी दुपारी ३ वाजून २२ मिनिटांनी तोच फाल्कन उडाला. दुसऱ्या दिवशी हर्ली आणि बेनकेन अंतराळस्थानकावर सुखरूप पोचले.