मैत्रीला जागा लागते

लहान मुलांना रंगभेद कळत नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मित्रांची मैत्री केवळ निर्मळ मनावर टिकते काय? दक्षिण आफ्रिकेतील सायमन्सटाऊनचा इतिहास पाहिला म्हणजे आपण अस्वस्थ होतो.

केपटाऊनच्या दक्षिणेस, डोंगर व समुद्र यांच्यामध्ये वसलेले हे लहानसे आरमारी गाव. गोरे, मिश्रवंशीय व कृष्णवर्णीय लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. शेजार असला म्हणजे मुलांची ओळख आपोआप होते. परंतु कोणी कोठे राहावे हे १९५० च्या कायद्याने वर्णावरून ठरू लागले. १९५३ च्या कायद्याने समुद्रकिनारे व बसावयाची बाकेदेखील वाटून टाकण्याची मुभा दिली. १९६७ साली सायमन्सटाऊन गोऱ्यांसाठी राखीव झाले आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. पुष्कळ मिश्रवंशीय कुटुंबे डोंगरापलीकडच्या नव्या वस्तीत गेली. तिचे नाव 'ओशन व्ह्यू', म्हणजे समुद्रदर्शन!

आता मुलांना 'एकमेकांचा द्वेष करा' असे सांगण्याची गरजच उरली नाही. भेट बंद झाली की मैत्री बिनबोभाट मरते, आणि दोष कोणाचाच दिसत नाही.

या कामी ख्रिस्ती मंडळीही निर्दोष नव्हती. १८५७ साली तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, काही सभासदांच्या दुर्बलतेस्तव, वेगळ्या उपासनेला मोकळीक दिली. दुर्बलांना सांभाळून घेणे हे प्रीतीचेच काम. पण येथे सांभाळले गोऱ्यांना आणि जागा गेली दुसऱ्यांची. सवलतीची पुढे रीत झाली. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांची निराळी मंडळीच स्थापन झाली. त्याच मंडळीने १९८६ साली बेलहार येथील विश्वासपत्र स्वीकारून या विभागणीचा निषेध केला. ते कायदे १९९० व १९९१ मध्ये रद्द झाले. पण मधली वर्षे कोण परत देणार?

मग मागे राहिलेल्या गोऱ्या मुलाचे कर्तव्य काय होते? कायदा त्याने केला नव्हता. तरी मित्राच्या रिकाम्या घराकडे बोट दाखवून, "हे कोणी केले?" असे वडिलांना विचारणे त्याच्या हाती होते. आणि खरे उत्तर देणे वडिलांच्या हाती होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनो, शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा धडा आपण दर वर्षी शिकवितो. आपली मुले कोणाच्या घरी पाणी पितात, आणि कोणाच्या घरी जाऊ नको म्हणून आपणच त्यांना बजावतो, हेही एकदा पाहू या.