थोरला, मधला, धाकटा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर एक लहानसा जिल्हा होता. माणसं थोडी, मेंढ्या फार. जिल्ह्यात गावोगावचे रग्बी क्लब होते आणि त्या सगळ्यांतून निवडलेला जिल्ह्याचा एक संघ होता.

अशा लहान जिल्ह्यांसाठी त्या देशात 2006 पासून हार्टलँड चॅम्पियनशिप भरते. 12 संघ, सगळे हौशी. आठवडाभर कुणी गाई पिळतो, कुणी मेंढ्यांची लोकर कातरतो, कुणी शाळेत शिकवतो आणि शनिवारी जिल्ह्याची जर्सी घालतो. प्रत्येक संघाला 8 सामने मिळतात. मग पहिले चार मीड्स कपासाठी लढतात आणि त्यांच्या खालचे चार लॉकोर कपासाठी.

एका वर्षी जुलैअखेर त्या जिल्ह्याच्या निवड समितीची बैठक भरली. कोच आणि त्याचे दोन सोबती. यादी भराभर झाली आणि तीन नंबरच्या प्रॉपपाशी येऊन अडली.

स्क्रममध्ये आठ जण एकमेकांना कवटाळून वाकतात आणि समोरच्या आठांना भिडतात. पहिल्या फळीच्या उजव्या टोकाला तीन नंबरचा प्रॉप असतो. त्याचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये जातं आणि दोघांचा भार त्याच्या एकट्याच्या मानेवर येतो. हे काम नुसत्या दांडगाईने होत नाही. पाय कुठे रोवायचा, कंबर किती खाली न्यायची, हे अंगात मुरायला वर्षं जातात. बाकीचे खेळाडू तिशीनंतर उतरणीला लागतात, तेव्हा प्रॉप कुठे रंगात येतो.

यादीत त्या जागेसाठी दोघांचीच सोय होती आणि दावेदार होते तीन. आपण त्यांना थोरला, मधला आणि धाकटाच म्हणू.

थोरला 36 वर्षांचा, लोकर कातरणारा. जिल्ह्याकडून इतकी वर्षं खेळलेला, की त्याच्याशिवायचा संघ लोकांना आठवत नव्हता. धाकटा 20 वर्षांचा. दिवसभर कुंपणाचे खांब ठोकायचा. त्याच्या लहानशा क्लबने यंदा जिल्ह्याची अंतिम फेरी जिंकली होती आणि त्या सामन्यात त्याने थोरल्याच्या क्लबचा स्क्रम मागे रेटला होता. मधला 29 वर्षांचा, दुधाचा टँकर चालवणारा. सहा वर्षं तो प्रत्येक यादीत होता. कधी चमकला नाही, कधी चुकला नाही.

भांडण थोरल्या-धाकट्याचं होतं. एक सोबती म्हणाला, "थोरल्याला काढलं तर लोक काय म्हणतील?" दुसरा म्हणाला, "पोराला घेतलं नाही तर पुढच्या वर्षी तो शहरात निघून जाईल." मधल्याबद्दल कुणी बोललंच नाही. तो यादीत असणारच, हे दोघांनी धरूनच ठेवलं होतं. जो कधी तक्रार करत नाही, त्याच्याबद्दल बैठकीत बोलणं होत नाही. हे काही फक्त रग्बीत घडत नाही.

कोच शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आपण ज्याच्या नावाच्या कपासाठी खेळतो, त्या ब्रायन लॉकोरचं आठवतंय ना?"

दोघांनाही आठवत होतं. लॉकोर वायरारापाचा शेतकरी, देशाचा कर्णधार राहिलेला. निवृत्त झाला होता, तरी 1971 मध्ये ब्रिटिश लायन्सविरुद्धच्या तिसऱ्या कसोटीसाठी ऐनवेळी त्याला बोलावणं आलं. घरी चिठ्ठी ठेवून तो वेलिंग्टनला गेला. सामना 13-3 असा हरले. त्या मालिकेत कर्णधार होता कॉलिन मीड्स, वय 35. मालिकाही गेली. पंधरा वर्षांनी हाच लॉकोर देशाचा कोच होता. मोठमोठे खेळाडू रग्बी संघटनेची परवानगी नसताना दक्षिण आफ्रिकेत खेळून आले, म्हणून त्यांना दोन कसोट्या बाहेर बसवलं गेलं. लॉकोरने बहुतेक नवखी पोरं उतरवली आणि त्यांनी 1986 मध्ये फ्रान्सला 18-9 असं हरवलं. पुढच्या वर्षी पहिला विश्वचषक आला, तेव्हा त्याने त्या पोरांतले काही ठेवले, जुन्यांतले काही परत घेतले आणि कप जिंकला.

"म्हणजे अर्धे जुने, अर्धे नवे?" सोबत्याने विचारलं.

"म्हणजे मंगळवारी तिघांना मैदानावर बोलवा," कोच म्हणाला.

मंगळवारी पाऊस होता. कोचने थोरला आणि धाकटा समोरासमोर उभे केले. पहिल्या झटक्यात धाकट्याने थोरल्याला दोन पावलं मागे ढकललं. बघणारे हसले. दुसऱ्या खेपेला थोरल्याने डावा पाय जरासा मागे घेतला, खांदा थोडा खाली नेला. धाकट्याने होता-नव्हता तेवढा जोर लावला आणि तोंडावर चिखलात पडला. तिसऱ्या खेपेला पुन्हा पडला. मग कुणी न सांगता थोरला खाली बसला, पोराचा घोटा हातात धरून त्याने तो चार बोटं सरकवला आणि म्हणाला, "आता ढकल." पाचव्या-सहाव्या खेपेला दोघेही जागचे हलले नाहीत.

नंतर धाकटा मधल्यासमोर उभा राहिला. तिथे कुणीच कुणाला हलवलं नाही. मधला चांगलाच होता. झटापट झाली, मधल्याने अंगावरचा चिखल झटकला आणि तो टँकरच्या पाळीवर निघून गेला.

त्या रात्री कोचने यादीत थोरला आणि धाकटा लिहिले. सोबती चपापले. "मधला? आजच्या घडीला तिघांत तोच सगळ्यात भरवशाचा आहे."

"आहे," कोच म्हणाला. "त्याला मी सांगतो."

यादी लागायच्या आधी, पहाटे चारला, कोच टँकरच्या डेपोवर जाऊन उभा राहिला.

"मी कुठे कमी पडलो?" मधल्याने विचारलं.

"कुठेच नाही. थोरल्याचा हा शेवटचा हंगाम. त्याला जे येतं ते यंदा पोराकडे गेलं नाही, तर कायमचं गेलं."

"ते मलाही येतं."

"येतं. पण सहा वर्षांत तू कुणाला शिकवताना मी पाहिलं नाही."

मधला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही." आणि टँकर सुरू करून निघून गेला. या उत्तरावर कोचकडे काही बोलायला नव्हतं.

पंधरा दिवस मधला सरावाला फिरकला नाही. पण स्क्रमचा सराव करायचा तर समोर ढकलणारं कुणीतरी लागतंच. एका गुरुवारी तो आला आणि धाकट्यासमोर वाकून उभा राहिला. सरावानंतर पोराने त्याला विचारलं, "माझी कंबर का वर येते?" मधल्याने त्याला सांगितलं.

हंगाम काही थाटाचा झाला नाही. पहिल्या चार सामन्यांतले दोन गेले. धाकटा उत्तरार्धात यायचा आणि पेनल्टी देऊन बसायचा. गावात बोलणी सुरू झाली. पाचव्या सामन्याआधी थोरला स्वतःच म्हणाला, "पोराला सुरुवातीला उतरवा. मी शेवटची वीस मिनिटं बघतो. तेव्हा दमलेल्या अंगाला अक्कल लागते." तो सामना जिंकले. सातव्या सामन्यात थोरल्याची बरगडी दुखावली. पहिल्या फळीत त्या कामाची तालीम झालेलाच माणूस लागतो. तो नसेल तर पंच स्क्रममधली ढकलाढकलच बंद करतात. निरोप मधल्याकडे गेला. तो आला आणि आठव्या सामन्यात नेहमीसारखाच खेळला.

संघ सहावा आला आणि लॉकोर कपाच्या उपांत्य फेरीत हरला. मधला पहिल्यापासून असता तर पहिल्या चारांत आलो असतो, असं म्हणणारे त्या जिल्ह्यात आजही भेटतात. कदाचित त्यांचं खरंही असेल.

पण यादी करणाऱ्याला दोन हिशेब ठेवावे लागतात. एक येत्या शनिवारचा आणि एक पुढच्या पाच वर्षांचा. दुसऱ्या हिशेबासाठी कुणीतरी आज किंमत मोजतो, आणि बहुतेक वेळा तो ना जुना असतो ना नवा, मधलाच असतो. त्या कोचने त्याच्याकडून किंमत घेतली, पण कारण त्याच्या तोंडावर सांगितलं. ते कारण सांगताना स्वतःच्या वाट्याचा दोषही कोचला ऐकावा लागला, तोही त्याने टाळला नाही.

सहावा नंबर आल्यामुळे पुढच्या वर्षी संघटनेने कोच बदलला. थोरला निवृत्त झाला. तीन नंबरची जर्सी धाकट्याला मिळाली, राखीव म्हणून मधला परत यादीत आला. आणि नव्या कोचने पहिल्याच बैठकीत त्याला विचारलं, पहिल्या फळीतल्या पोरांना तू शिकवशील का? मधला हो म्हणाला.