प्रवेश पूर्ण झाला, असें केव्हां म्हणावें?

कांहीं प्रश्न कारकुनाच्या टेबलावर जन्मास येतात, म्हणून विचारी माणसानें त्यांच्याकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं, असें समजण्याचा प्रघात आहे. विद्यार्थ्याचा शाळेंतील प्रवेश पूर्ण झाला असें केव्हां म्हणावें, हा अशांपैकींच एक प्रश्न होय. अर्ज भरून दिला म्हणजे? जन्माचा व मागील शाळा सोडल्याचा असे दोन्ही दाखले हजर केले म्हणजे? जनरल रजिस्टरांत नांव चढलें म्हणजे? कीं मूल वर्गांत येऊन बसलें म्हणजे? वरवर पाहतां ही केवळ सोयीची बाब दिसते. परंतु ह्या चार क्षणांपैकीं आपण कोणता निवडतों, यावर एका मुलाची जबाबदारी कोणाच्या शिरावर पडते हें अवलंबून असतें. आणि जेथें जबाबदारीची वांटणी होते, तेथें नीतीचा प्रश्न आलाच.

'पूर्ण' हा शब्द आपण दोन अर्थांनीं योजतों. ज्या विवाहांत सप्तपदीचा विधि असतो, तो विवाह सातवें पाऊल पडतांच पूर्ण व बंधनकारक होतो, असें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत म्हटलें आहे. म्हणून त्या क्षणीं संसार पूर्ण झाला, असें कोणीच म्हणत नाहीं. तो तर अद्याप सुरूही झालेला नसतो. मग सातव्या पावलाचें महत्त्व कशांत आहे? त्यानंतर माघार घेतां येत नाहीं, यांत आहे. शाळेच्या रजिस्टरांतील ओळ हें असेंच सातवें पाऊल होय. ती पडण्यापूर्वीं आपला हक्क सिद्ध करण्याचा भार मुलावर व त्याच्या पालकांवर असतो. ती पडली कीं भार उलटतो. मूल आज कां आलें नाहीं, त्यास वाचतां कां येत नाहीं, मध्येंच कोठें गेलें, या प्रश्नांचीं उत्तरें तेथून पुढें शाळेनें द्यावयाचीं असतात.

असें असेल तर ही ओळ केव्हां पडावी, याचें उत्तर फारसें अवघड राहत नाहीं: ती शक्य तितक्या लवकर पडावी. ज्याच्या घरीं कागद जपून ठेवावयास कपाट आहे, त्याचें मूल दाखल्याच्या अटीमुळें अडत नाहीं. अडतें तें बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याचें. म्हणजे ज्यास शाळेची गरज सर्वांत अधिक, त्याच्यापुढेंच हा उंबरठा सर्वांत उंच होतो. २००९ सालीं संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ही गोष्ट ओळखली आहे. ६ ते १४ वर्षांच्या कोणत्याही बालकास वयाचा पुरावा नाहीं म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं. मागील शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, ह्या कारणावरून प्रवेश लांबवितांही येत नाहीं. आणि मुदत उलटून गेल्यावर आलेल्या मुलासही परत पाठवितां येत नाहीं. आधार क्रमांकावांचून मुलाचा शाळाप्रवेश अडवूं नये, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. या सर्वांचें तात्पर्य एकच: कागद मागाहून येऊं द्या, मूल आधीं आंत घ्या.

यावर मुख्याध्यापकांचा आक्षेप असतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, "चौकशीवांचून नांव चढविलें, आणि तेंच मूल दुसऱ्याही पटावर निघालें, तर जाब आम्हांसच पुसणार." पटावर शिक्षकांची संख्या ठरते, अनुदान ठरतें, त्यामुळें खोट्या नांवांचा मोह खरा आहे. २०११ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रांत सर्वत्र पटपडताळणी झाली, तेव्हां ज्यांचीं मुलें वर्गांत नव्हतीं अशीं नांवें पुष्कळ सांपडलीं. पण यांतून निष्पन्न काय होतें, तें पाहावें. हीं नांवें कागदांच्या अभावामुळें घुसलेलीं नव्हतीं. कागद तर रीतसर होते, मूलच नव्हतें! तेव्हां चौकशी अवश्य करावी, परंतु तिचा भार एका कचेरीनें दुसऱ्या कचेरीवर टाकावा, सहा वर्षांच्या मुलावर नव्हे. तपास लांबणीवर टाकतां येतो. बालपण टाकतां येत नाहीं. महाविद्यालयांत, जेथें हा कायदा पोहोंचत नाहीं, तेथेंही दाखल्यासाठीं चार दिवसांची मुदत देण्यानें कोणाचें नुकसान झाल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

परंतु ओळ पडली म्हणजे सारें झालें काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच प्रांताच्या इतिहासांत लिहिलेलें आहे. १८५६ सालीं मुंबई इलाख्यांतील धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यांत आला. त्यानें सरकारकडे अर्ज केला. एकट्यासाठीं शाळेचा दरवाजा उघडला तर इतरांस ती शाळा निरुपयोगी होईल, असा विचार करून मुंबई सरकारनें हात आंखडला. पुढें १८५८ सालीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत, असें कंपनीच्या संचालकांनीं विलायतेहून कळविलें; तत्त्व कागदावर आलें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरांत भिवा रामजी आंबेडकर हें नांव चढलें. कारकुनाच्या दृष्टीनें प्रवेश पूर्ण झाला. परंतु त्या मुलास वर्गांत इतरांपासून वेगळें, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसावें लागे, आणि शिपाई हजर नसला तर पाण्यावांचून राहावें लागे, हें बाबासाहेबांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. त्या प्रवेशाचा दिवस महाराष्ट्रांत २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो योग्यच आहे. कारण धारवाडच्या मुलास जी ओळ मिळाली नाहीं, ती सातारच्या मुलास मिळाली, आणि त्या ओळीवांचून पुढचें कांहींच घडलें नसतें. पण ती ओळ लिहिणारी शाळा आपलें वचन पुरें करीत होती, असें मात्र म्हणवत नाहीं.

तरटाचा तो तुकडा कायद्यानें गेला. तरी पटावर असून शाळेंत नसणारीं मुलें आजही आहेत. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें बाहेर पडतात. पुष्कळांचीं मुलें बरोबर जातात. नांव गांवच्या पटावर, मूल उसाच्या फडांत! प्रवेश पूर्ण आहे कीं नाहीं, असें विचारलें तर रजिस्टर 'आहे' म्हणून सांगेल. येथें खोटें कोणीच बोलत नाहीं. आणि तरीही जें सांगितलें गेलें, तें सत्य नव्हे.

वर सांगितलेल्या कायद्यांतील एक व्याख्या या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे. 'सक्तीचें शिक्षण' म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें आईबापांस दंड करणारा अधिकारी उभा राहतो. कायद्यानें ती सक्ती सरकारवर घातली आहे, आणि तिचीं अंगें तीन सांगितलीं आहेत: प्रवेश, उपस्थिति आणि शिक्षणाची पूर्तता. पैकीं पहिलें अंग एका दिवसांत पुरें होतें, दुसरें रोज नव्यानें पुरें करावें लागतें, आणि तिसऱ्यास आठ वर्षें लागतात.

म्हणून मला असें वाटतें कीं, मूळ प्रश्नास दोन उत्तरें आहेत, आणि दोन्ही एकाच वेळीं खरीं मानण्यांतच शहाणपण आहे. मुलाकडून पाहतां, तें दाराशीं येऊन उभें राहिलें कीं त्याचा प्रवेश पूर्ण झाला. त्याच्याकडून आणखी कांहीं येणें राहिलें नाहीं. शाळेकडून पाहतां, तें मूल शिकून बाहेर पडेपर्यंत प्रवेश अपुराच आहे. तिच्याकडून देणें अद्याप बाकी आहे. आपल्या व्यवहारांत हीं उत्तरें नेमकीं उलटीं पडतात. मुलाच्या बाजूस कागद सदैव अपुरे, आणि शाळेच्या बाजूस ओळ लिहितांच कर्तव्य पुरें. हा उलटा हिशेब सुलटा करणें, हें कारकुनाचें काम नव्हे. तें आपणां सर्वांचें आहे.