‘‘टीचर, कोणाला सांगू नका’’



पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील ही गोष्ट आहे. तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. तेव्हा हे मूल कोणाचे असेल याचा तर्क मिस्सानंतर चर्चच्या आवारात कृपा करून करू नका. तिसरीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत आपल्या टीचरना सांगितले की मोबाईलवर गेम खेळताना एक ‘दादा’ त्याच्याशी गप्पा मारतो. दादा चांगला आहे, गेममधली नाणी फुकट देतो. पण आता दादा म्हणतो, आंघोळ करतानाचा फोटो पाठव. हे सांगण्याआधी मुलाने अट घातली होती, ‘‘टीचर, कोणाला सांगू नका हं. पप्पांना तर मुळीच नाही. आधी शप्पथ घ्या.’’ टीचरनी शपथ घेतली. त्यांना वाटले, कोणाची तरी पेन्सिल चोरली असेल.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. ‘‘फादर, मी शब्द दिलाय. आता काय करू?’’

मी शाळेचा व्यवस्थापक होतो. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो मुलाचा नव्हता, शाळेच्या नावाचा होता. पोलीस शाळेत येणार, गावभर बोभाटा होणार, जूनमध्ये प्रवेश कमी होणार. ‘‘उद्या बघू या,’’ असे मी म्हणालो. त्या रात्री ते मूल घरी होते आणि मोबाईलही घरीच होता. या ‘उद्या बघू’ची मला आजही लाज वाटते.

टीचरांचा प्रश्न मात्र साधा नव्हता. दिलेला शब्द पाळावा हे आपण मुलांना शिकवतो. मग लहान मुलाला दिलेला शब्द मोठ्या माणसाने मोडावा काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही इमॅन्युएल कांटवर तासन्तास वाद घातले होते. खुनी माणूस दारात उभा राहून ‘तुझा मित्र घरात आहे काय’ असे विचारू लागला तरी खोटे बोलू नये, असे कांट म्हणतो. वर्गात हा वाद रंगतो. समोर टीचर डोळे पुसत बसलेल्या असताना त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मला उपयोगी पडले ते संत थॉमस अक्वायनस. ‘सुम्मा थिओलॉजिआ’मध्ये साक्षीदारांविषयी लिहिताना ते गुपितांचे दोन प्रकार करतात. कुमसारात धर्मगुरूला कळलेले गुपित कोणत्याही परिस्थितीत उघड करता येत नाही, कारण ते त्याला माणूस म्हणून कळलेलेच नसते, देवाचा सेवक म्हणून कळलेले असते. बाकीच्या गुपितांचे तसे नाही. जे झाकून ठेवल्याने दुसऱ्या कोणाची गंभीर हानी होणार आहे ते सांगणे कर्तव्यच ठरते, आणि गुप्ततेचा दिलेला शब्द त्या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही. कारण तो शब्द पाळण्यासाठी त्याहून जुने, त्याहून मोठे देणे बुडवावे लागते. बायबलमध्ये शब्द पाळल्यामुळेच घोर पाप झाल्याची उदाहरणे आहेत. इफ्ताहाने नवस बोलला आणि तो पाळण्यासाठी आपल्या एकुलत्या एका मुलीचा जीव घेतला. हेरोदाने पाहुण्यांसमोर शपथ घेतली, ती मोडायला तो लाजला, आणि योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात आले. हेरोदाला योहानाचा जीव घ्यायचा नव्हता. त्याला आपली लाज सांभाळायची होती. ‘शाळेचे नाव’ सांभाळणारा मी त्या रात्री त्याच पंक्तीत बसलो होतो.

दुसरी एक गोष्ट मला नंतर उमजली. तो ‘दादा’ मुलाला काय म्हणत होता? हे आपल्या दोघांत राहू दे. आणि टीचर काय म्हणाल्या? हे आपल्या दोघांत राहील. वाक्य एकच! लहान मुलांना नादी लावणाऱ्या माणसाचे पहिले हत्यार गोड बोलणे असते, दुसरे बक्षीस आणि तिसरे गुपित. पुढे त्याच गुपिताची धमकी होते, ‘तुझ्या पप्पांना सांगेन.’ आठ वर्षांच्या मुलाला चांगले गुपित कोणते आणि वाईट कोणते हे कसे कळावे? मोठ्या माणसांबरोबरची गुपिते पाळायची असतात, एवढेच तो दोघांकडून शिकला. वाढदिवसाच्या केकचे गुपित वेगळे. त्याची तारीख ठरलेली असते, आणि ते फुटल्यावर सगळे हसतात.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. टीचर असो, शिपाई असो, धर्मगुरू असो. लैंगिक हेतूने मुलाशी मोबाईल-इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधणे हाही या कायद्याने गुन्हा आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र खटला भरता येत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले तेव्हा लोकांनी तासन्तास रेल्वे रोखून धरली. तो संताप केवळ अत्याचाराचा नव्हता, झालेल्या दिरंगाईचाही होता. पोलिसांना वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांविषयी शाळांना आदेश दिले. कॅमेरे हवेतच. पण कॅमेऱ्याला मधल्या सुट्टीत येऊन कोणी काही सांगत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेने दुसऱ्यांना शिकवण्याआधी स्वतःकडे पाहावे, हेही येथे लिहिले पाहिजे. अमेरिकेत आणि आयर्लंडमध्ये काय काय झाकले गेले ते आता जगाला ठाऊक आहे. तेथेही कारण हेच होते, संस्थेचे नाव. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९मध्ये अशा प्रकरणांवरील ‘परमधर्मपीठीय गुप्तता’ रद्द केली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी धर्मगुरू आणि व्रतस्थ यांना अशा गोष्टी वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले होते. उशीर झाला का? झाला. फार झाला.

‘‘फादर, मग कुमसाराचे काय?’’ असा प्रश्न काही जण विचारतील, आणि तो रास्त आहे. कुमसाराची मोहोर मी मोडू शकत नाही, ती माझी नाहीच. पण ती फक्त त्या संस्कारापुरती आहे. शाळेच्या व्हरांड्यात, माझ्या ऑफिसात, क्रिकेट खेळताना मुलाने मला जे सांगितले ते कुमसार नव्हे, आणि त्या आडोशाला लपण्याचा मला अधिकार नाही. कुमसारातच एखादे मूल असे काही सांगू लागले तर मी त्याला आधी हे सांगतो की हे तुझे पाप नाही, आणि मग आर्जव करतो की बाहेर येऊन हेच मला किंवा टीचरना पुन्हा सांग.

त्या मुलाचे पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी टीचरनी आधी त्यालाच जवळ घेऊन सांगितले, ‘‘मी शप्पथ घेतली ती माझी चूक झाली. मला हे सांगावे लागणार आहे, आणि सांगताना मी तुझ्याबरोबर असेन.’’ मग आईवडिलांना बोलावले. चॅट पुसू नका असे सांगेपर्यंत वडिलांनी अर्धे पुसलेही होते. (पालकहो, हे लक्षात ठेवा, तो पुरावा असतो.) मी त्यांच्याबरोबर पोलीस स्टेशनला गेलो. घरी मात्र व्हायचे तेच झाले. वडिलांनी मुलाला मारले. ‘‘मोबाईल मागतोस काय?’’ मूल ज्याला घाबरत होते तेच घडले, आणि आम्ही शब्द मोडल्यामुळे घडले. ते मूल कित्येक आठवडे टीचरांशी बोलले नाही. कर्तव्य केले म्हणून नुकसान होत नाही, असे संत थॉमसही कोठे म्हणत नाहीत.

त्यावर मी पुष्कळ विचार केला. ‘कोणाला सांगू नका’ असे म्हणताना मुलाला खरोखर काय हवे असते? मला मारू नका, माझ्यावर हसू नका, मला एकटे टाकू नका. हे शब्द देता येतात आणि पाळताही येतात. गप्प राहण्याचा शब्द देता येत नाही. म्हणून येथील शाळेत आम्ही सर्व शिक्षकांनी ठरवले आहे की मुलाने शपथ घालताच, ऐकण्याआधीच म्हणायचे, ‘‘तुला कोणी त्रास देत असेल तर ते मला गुपित ठेवता येणार नाही. पण तुला न सांगता मी कोणाकडे जाणार नाही, आणि ज्यांना कळायला हवे त्यांनाच सांगेन.’’ काही मुले हे ऐकून गप्प होतील, अशी शंका एका शिक्षिकेने काढली. तिचे म्हणणे खरे आहे. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फसवून बोलते केलेल्या मुलापेक्षा, आज गप्प बसून उद्या परत येणाऱ्या मुलाची वाट पाहणे मला बरे वाटते. मात्र तोपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवावेच लागते.

आणखी दोन चुका आम्हाला सापडल्या. आमची तक्रारपेटी भिंतीवर इतकी उंच होती की पहिली-दुसरीच्या मुलांचा हात पोहोचत नव्हता, आणि किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली होती. पेटी खाली घेतली आहे. किल्ली आता मुख्याध्यापिका आणि एक पालक प्रतिनिधी यांच्याकडे असते. दुसरी चूक स्नेहसंमेलनाच्या फोटोंची. मुलांची नावे आणि इयत्ता लिहून आम्हीच ते फेसबुकवर टाकत होतो. अनोळखी ‘दादा’ला एवढी माहिती पुरे असते. ते फोटो काढून टाकले आहेत. कोणा पालकाला हवे असल्यास ऑफिसातून घ्यावेत.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पहिली ते चौथीच्या पालकांची सभा शाळेच्या हॉलमध्ये होईल. वडिलांनी अवश्य यावे, एरवी फक्त आयाच येतात. मुलाने असे काही सांगितले तर पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, एवढाच विषय आहे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक सूचनाफलकावर लावला आहे, तोही घरी लिहून घ्यावा.

आपला,
फादर